आज लंगडतो, उद्या धावतो!

बाळापूरच्या माझ्या मामेभावाचा जर्मन शेफर्ड १० महिन्यांचा, एकदम शो-क्वालिटी. पण घरी लंगडतो आणि डॉक्टरांसमोर ऐटीत चालतो! रविवारी शो, म्हणून भाऊ त्याला घरातली आयब्रुफेन द्यायला निघाला. म्हटलं, थांब बाबा! त्याने कुत्र्याला अल्सर होतो, किडनी जाऊ शकते. त्यापेक्षा लंगडताना मोबाइलवर शूट कर. कुठला पाय, किती वेळ, लिहून ठेव. पाय बदलत असेल तर वाढत्या वयातला पॅनोस्टायटिस असू शकतो. तो बहुधा आपोआप जातो. नेहमी मागचाच असेल तर हिप डिस्प्लेझियाची शंका, आणि तो आनुवंशिक! एक्स-रे काढायला अकोल्यात पशुवैद्यक संस्था आहेच. शो काय, पुढेही होतील. पण गोळीने लपवलेला दोष पिल्लांत उतरतो, बॉस!