डावं-उजवं असतंच, मग गप्प कशाला?

मैत्रिणींनो, आज सरळ मुद्द्यावर येऊ. एक स्तन मोठा, दुसरा लहान. हा विषय कॉलेजच्या कट्ट्यावर निघत नाही. होस्टेलवर लाइट बंद झाल्यावर एखादी जिवाभावाच्या मैत्रिणीला हळूच विचारते, ‘तुझं पण असंच आहे का गं?’ बाकीच्या तेवढंही विचारत नाहीत. ओढणी एका बाजूनं जास्त खाली सोडतात. कुर्ता एक साइझ मोठा घेतात. एसटीत सॅक पाठीवर न टाकता छातीशी धरतात. पोलीस भरतीची तयारी करायची असते, पण पहाटे मैदानावर धावायचं म्हटलं की काहीतरी कारण काढतात. घरच्यांना वाटतं, पोरगी आळशी झाली.

तुमसर असो, पवनी असो की साकोली, आपल्या भंडारा जिल्ह्यात या विषयावर कुणी उघड बोलत नाही. विचारायचं कुणाला, हाच पहिला प्रश्न. आईला सांगावं तर ती म्हणते, ‘लगन झालं का सारं बरोबर होते.’ मोबाइलला विचारावं तर तासाभरात क्रीमच्या आणि सर्जरीच्या जाहिराती सुरू. एकीकडे विषय दडपणारं घर, दुसरीकडे घाई करायला लावणारा बाजार. या दोघांच्या मधे उभं राहून तुम्हाला शांत डोक्यानं निर्णय घेता यावा, म्हणून आज हा विषय.

आधी वय बघा, मग आरसा

बहुतेक स्त्रियांचे दोन स्तन तंतोतंत सारखे नसतात. थोडा फरक असणं हीच सर्वसाधारण गोष्ट आहे. साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान वाढ सुरू होते. बरेचदा एक बाजू आधी वाढायला लागते, दुसरी मागून येते. वाढ पूर्ण व्हायला १७-१८ वर्षं उजाडतात. त्यामुळे चौदाव्या वर्षी दिसणारा फरक अठराव्या वर्षी तेवढाच राहील असं नाही. अकरावी-बारावीतली मुलगी घाबरली असेल, तर तिच्यासाठी ‘थांब आणि लक्ष ठेव’ हाही एक वैद्यकीय सल्लाच आहे.

काहींच्या बाबतीत मात्र फरक मोठा असतो आणि तसाच राहतो. कधी एक बाजू फारच झपाट्यानं वाढते. कधी एका स्तनाचा पायाच अरुंद असतो आणि तो नळीसारखा वाढतो. लहानपणी चुलीवरच्या गरम पाण्यानं किंवा दिव्यानं छाती भाजली असेल, तर त्या बाजूची त्वचा आखडते आणि वाढ अडते. पाठीचा कणा वाकडा असेल तर स्तन सारखे असूनही वेगळे दिसतात. आणि एक दुर्मीळ प्रकार म्हणजे पोलंड सिंड्रोम. अल्फ्रेड पोलंड या इंग्रज वैद्यकीय विद्यार्थ्यानं १८४१ मध्ये त्याची नोंद केली, म्हणून हे नाव. त्यात एका बाजूचा छातीचा स्नायू जन्मतःच अपुरा किंवा नसलेलाच असतो.

अजून एक कारण आहे, आणि ते तपासायलाच हवं: गाठ. तरुण मुलींमध्ये फायब्रोअ‍ॅडिनोमा नावाची गाठ बरीच आढळते. ती कर्करोगाची नसते, पण मोठी झाली तर एक बाजू मोठी दिसते. म्हणून फरक अचानक वाढला, हाताला गाठ लागली, त्वचा ओढल्यासारखी झाली किंवा स्तनाग्रातून स्राव आला, तर महिनोन्‌महिने वाट बघू नका. या वयात तपासणीची सुरुवात बहुधा सोनोग्राफीनं होते. तिच्यात दुखत नाही आणि रेडिएशनही नसतं.

‘मनाचे खेळ’ म्हणू नका

‘दिसण्याचं एवढं काय मनावर घ्यायचं?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास. अमेरिकेतल्या बोस्टनच्या डॉक्टरांनी १२ ते २१ वयोगटातल्या मुलींचा अभ्यास करून २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात स्तनांमध्ये ठळक फरक असलेल्या ५९ मुली होत्या. आत्मविश्वास, भावनिक स्वास्थ्य, लोकांत मिसळणं, या सगळ्यांत त्या बरोबरीच्या इतर मुलींच्या मागे होत्या. या सगळ्यांचं ऑपरेशन करा, असं ते डॉक्टर म्हणत नाहीत. लवकर तपासा, बोला, धीर द्या, आणि गरज असेल तिथे शस्त्रक्रियेचा विचार करा, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे त्रास खरा आहे. त्रास खरा आहे हे मान्य केलं, की मग उपायांवर नीट बोलता येतं.

ऑपरेशनशिवायचे उपाय

पहिला उपाय अगदी साधा: योग्य मापाची ब्रा. माप मोठ्या बाजूचं घ्यायचं आणि लहान बाजूला काढता-घालता येणारं पॅड लावायचं. फरक जास्त असेल तर सिलिकॉनचं बाहेरून लावायचं प्रोस्थेसिस मिळतं. कर्करोगाच्या ऑपरेशननंतर अनेक स्त्रिया तेच वापरतात. अनेकींचा प्रश्न इथेच सुटतो.

क्रीम, तेल, मसाज, पंप यांनी एक बाजू वाढत नाही की दुसरी कमी होत नाही. हार्मोनच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेणं तर सरळ धोक्याचं. आणि हे माहीत आहे का, स्तनांचा आकार बदलून देतो असा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या ‘औषधे व जादुई उपचार’ कायद्यानं बंदी आहे? म्हणजे तुमच्या रील्समध्ये मधेच येणाऱ्या त्या तेलाच्या जाहिराती बेकायदा आहेत. बेकायदा जाहिरात करणाऱ्याच्या औषधावर विश्वास किती ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय?

वाढ थांबली आहे, फरक मोठा आहे आणि त्याचा रोजच्या जगण्यात अडथळा होतोय, तर शस्त्रक्रियेचे पर्याय आहेत. ते चार गटांत मांडता येतात.

पहिला, मोठी बाजू लहान करणं. जास्तीची चरबी, ग्रंथी आणि त्वचा काढून आकार जुळवतात. शरीरात बाहेरचं काही घालावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण व्रण राहतात: स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली, आणि कधी खालच्या घडीतही. आपल्याकडे अनेकांच्या त्वचेवर व्रण जाड होतात, हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्यायचं. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पुढे बाळाला दूध पाजणं अनेकींना जमतं, काहींना दूध कमी पडतं.

दुसरा, उचलून बसवणं. आकारमान जवळपास सारखं, पण एक बाजू ओघळलेली असेल, तर ती वर घेतात. बरेचदा हे पहिल्या किंवा तिसऱ्या पर्यायासोबतच होतं.

तिसरा, लहान बाजू वाढवणं. याचे दोन मार्ग. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून स्तनात भरणं हा एक. चरबी स्वतःचीच असते, पण तिच्यातली काही शरीर शोषून घेतं. त्यामुळे पुन्हा भरावी लागू शकते, आणि सडपातळ मुलीकडे काढायला चरबीच पुरेशी नसते. दुसरा मार्ग इम्प्लांटचा.

चौथा, पुनर्रचना. पोलंड सिंड्रोममध्ये किंवा भाजल्यानंतर पाठीचा स्नायू पुढे आणून बसवतात, किंवा आधी त्वचेखाली फुगा ठेवून तो हळूहळू भरत जागा तयार करतात.

यातली बरीच ऑपरेशन्स पूर्ण भूल देऊन होतात. पुढचे काही आठवडे जड उचलायचं नाही, धावायचं नाही. रोवणीच्या दिवसांत घरी हात कमी पडणार असतील किंवा भरतीची मैदानी चाचणी तोंडावर असेल, तर हा हिशोब आधीच करायला हवा.

इम्प्लांटवर दोनदा विचार करा

सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं. साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी ते ‘एकदा बसवलं की विसरा’ अशी वस्तू झालेली नाही. इम्प्लांट आयुष्यभर टिकेलच असं नाही. विसाव्या वर्षी बसवलंत, तर पुढे कधीतरी ते बदलायचं किंवा काढायचं ऑपरेशन करावं लागेल, असं धरूनच चला. त्याच्याभोवती कडक आवरण तयार होऊ शकतं. ते आतल्या आत फुटलं तर कळतही नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएचा सल्ला असा की सिलिकॉन इम्प्लांटची पहिली तपासणी ५-६ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीनं करावी, आणि मग दर २-३ वर्षांनी. सौंदर्यासाठीच्या इम्प्लांटला तिथे वयाची अटही आहे: सलाइनचं १८ नंतर, सिलिकॉन जेलचं २२ नंतर. पुनर्रचनेसाठी नियम वेगळा. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाची एका मोठ्या कंपनीची इम्प्लांट्स जगभरातून परत मागवावी लागली, कारण त्यांचा संबंध एका दुर्मीळ लिम्फोमाशी दिसून आला.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. इम्प्लांटनंतर समाधानानं जगणाऱ्या स्त्रिया खूप आहेत. पण पॅकेजच्या जाहिरातीत एका ऑपरेशनचा खर्च लिहिलेला असतो, पुढच्या तीस वर्षांचा नाही. तो तुम्ही विचारायचा.

पैसा कुणी भरायचा?

इथे खरी गोम आहे. विमा कंपन्या ‘सौंदर्यासाठी’ केलेल्या प्लॅस्टिक सर्जरीचा खर्च देत नाहीत. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल, तरच दार उघडतं. मग जन्मतःच एका बाजूची वाढ न झालेली मुलगी कुठल्या खान्यात बसते? कागदावर नेमकं निदान काय लिहिलं आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

चेन्नईच्या स्टॅन्ली सरकारी रुग्णालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठी मोफत क्लिनिक सुरू केलं. तामिळनाडूचे तेव्हाचे आरोग्यमंत्री सी. विजयभास्कर यांनी त्याचं उद्घाटन केलं. टीका झालीच: सरकारचा पैसा डेंग्यू-टीबीवर खर्च करायचा की यावर? प्रश्न रास्त आहे. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच रास्त आहे. पैसेवाल्याच्या मुलीला हवं तेव्हा खासगी दवाखान्यात जाता येतं. धानाच्या एकराभर शेतीवर घर चालवणाऱ्याच्या मुलीनं फक्त ओढणी सावरत जगायचं का?

आणि आपल्याला चेन्नईला जायची गरज नाही. भारतातल्या प्लॅस्टिक सर्जन्सच्या संघटनेचं उद्घाटन १९५७ मध्ये नागपुरात झालं, तेही आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीचे जनक मानले जाणारे सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हस्ते. पुढच्याच वर्षी डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या मेडिकलमध्ये प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, देशातला पहिला. भंडाऱ्याहून मेडिकल साठ-पासष्ट किलोमीटर. अंतर रस्त्याचं नाही, माहितीचं आणि संकोचाचं आहे.

दार कुठलं ठोठवायचं?

वय १९ च्या आत असेल, तर सरकारी रुग्णालयातलं ‘मैत्री’ क्लिनिक किशोरवयीन मुला-मुलींसाठीच असतं. तिथे जा, किंवा स्त्री-रोगतज्ज्ञांकडे. ‘मला लेडी डॉक्टर हवी’, ‘तपासताना मैत्रीण किंवा आई सोबत हवी’ हे म्हणायला लाजू नका. पुढे प्लॅस्टिक सर्जनकडे जायचं ठरलं, तर त्यांच्याकडे प्लॅस्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा त्या तोडीची पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे बघा. ‘कॉस्मेटिक सेंटर’ची पाटी म्हणजे पदवी नव्हे. व्रण कुठे येतील, पुन्हा ऑपरेशन लागेल का, दूध पाजण्यावर काय परिणाम होईल, एकूण खर्च किती, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. ‘आज बुक केलं तर सूट’ असं कुणी म्हणालं, तर उठून बाहेर या. मन फारच खचलं असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे. मराठीतही बोलता येतं.

आणि निर्णय तुमचा. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ऑपरेशनच्या कागदावर सही तुमची लागते, ती फक्त फॉर्मवरची नसावी. ‘पाहुणे येण्याआधी उरकून टाकू’ म्हणून होणारं ऑपरेशन मुलीसाठी नसतं, स्थळासाठी असतं. तसंच, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून नाकारलेलं ऑपरेशनही तिच्यासाठी नाकारलेलं नसतं. करायचं की नाही, दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. फक्त ती तुमची असली पाहिजेत.

मित्रांनो, तुम्ही हे पान उलटू नका. वयात येताना अनेक मुलांची छातीही काही काळ फुगते, आणि त्यांना वर्गात काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग मुलींच्या अंगावरून केलेली कमेंट ‘मजाक’ कशी होते?

कॉलेजांकडेही एक मागणी. दरवर्षी आरोग्य तपासणी होते. उंची, वजन, हिमोग्लोबिन लिहून घेतात आणि मोकळे होतात. त्या दिवशी एक महिला डॉक्टर, पडद्याआडची एक खुर्ची आणि प्रत्येक मुलीसाठी पाच मिनिटं ठेवा. बहुतेक जणींना ऐकायला मिळेल, ‘अगं, हे नॉर्मल आहे’, आणि चार वर्षांचं ओझं तिथेच उतरेल. एखादीला नागपूरची चिठ्ठी मिळेल. दोघींचंही भलंच होईल.