कूस बदलायला कोण शिकवणार?

आमच्या कंपनीत नवा मुलगा रुजू झाला की त्याला लगेच चालू सिस्टिमला हात लावू देत नाहीत. आधी कुणी सीनियर शेजारी बसून दाखवतो. अंथरुणाला खिळलेल्या दादीच्या बाबतीत मात्र आपण ब्यूरोला फोन करतो आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं भरवणं, पुसणं, उचलणं बारा तास एका अनोळखी बाईच्या हाती देतो. पैसे किती हे विचारतो, हे काम तुला कुणी शिकवलं हे विचारत नाही.

अमेरिकेत दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांसाठी १९८७ साली कायदा झाला. त्यानुसार मदतनिसाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे. पुढे दर वर्षी आणखी १२ तास. हे शिकवायला अनुभवी नर्स असते, नर्स एज्युकेटर. तिथेही सगळं आलबेल नाही. पगार कमी, माणसं टिकत नाहीत, आणि ती बिचारी पुन्हा पहिल्या धड्यावर. पण धडा आहे तरी.

धडे साधेच असतात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा, खुबा रोज बघायचे. लाल झालेली जागा बोटाने दाबूनही लालच राहिली तर जखमेची सुरुवात समजायची. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून गरम किंवा कडक लागतंय का ते पाहायचं. आणि तिथे चोळायचं नाही. आपण नेमकं तिथेच तेल चोळतो! भरवताना बसवायचं, भरवल्यावर लगेच आडवं करायचं नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

‘वृद्धाश्रम आपल्यात नसतात’ असं आपण अभिमानाने सांगतो. ठीक आहे, पण मग आपली घरंच शुश्रूषा केंद्रं झाली आहेत, फक्त तिथे शिकवणारं कुणी नाही. दुसरीकडे नर्सिंग झालेल्या मुलीला ‘रात्रपाळी नको, घरी बस’ म्हणणारेही आपणच.

रक्तदान शिबिरं भरवणाऱ्या मोहल्ला कमिट्यांनी अशा मुलींना रीतसर मानधन देऊन रविवारचे दोन तास वर्ग चालवावेत. फुकट खिदमत म्हणून नको. उर्दू शाळेच्या खोल्या त्या दिवशी रिकाम्याच असतात. ब्यूरोच्या बायकांची त्या दिवसाची मजुरी बुडणार, तीही कमिटीने भरावी. आणि घरचे मुलगे आलेच पाहिजेत. सुनेला एकटीला पाठवून चालणार नाही.