गाठ काढण्याआधी थायरॉइड कुठे आहे ते पाहा

मुलाच्या गळ्यात मधोमध गाठ आहे आणि ऑपरेशनची तारीख पडली आहे, अशा प्रत्येक आईवडिलांना कळकळीची विनंती: त्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचाराच. ‘थायरॉइड जागेवर आहे का, आणि ते तपासून पाहिलंय का?’

गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि साधारण सातव्या आठवड्यापर्यंत खाली उतरून श्वासनलिकेपुढे बसते. क्वचित कुणाची वाटेतच राहते, बहुतेकदा जिभेच्या मुळाशीच. तिथे ती लालसर गाठीसारखी दिसते. गळ्यात थांबली तर नुसत्या हाताला साधी सिस्ट वाटते आणि तशीच काढलीही जाते. जिभेच्या मुळाशी थायरॉइड असलेल्या दहांपैकी साधारण सात जणांकडे शरीरातली तेवढीच थायरॉइड असते. ती गेली की जन्मभर गोळी.

हे टाळायला आधी सोनोग्राफी पुरते. तीत किरणोत्सर्ग नाही, लहान मुलांनाही चालते. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजू रिकाम्या दिसल्या, तर पुढची पायरी थायरॉइड स्कॅन. शिरेतून टेक्नेशियम या किरणोत्सर्गी पदार्थाचं इंजेक्शन देतात आणि वीसेक मिनिटांनी गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवतात. ग्रंथी जिभेच्या मुळाशी राहिली असेल, तर गळ्याच्या खालच्या भागात काहीच उमटत नाही आणि वर, जिभेच्या जागी, एक ठळक ठिपका दिसतो. तीच थायरॉइड. टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो, त्यामुळे नावाला घाबरू नका. मात्र रुग्ण गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर आधी सांगायलाच हवं.

सीटी पटकन मिळतो म्हणून तोच आधी उरकायची आपल्याकडे फार घाई. कॉन्ट्रास्टमधल्या आयोडीनमुळे पुढचे काही आठवडे थायरॉइड स्कॅन नीट येत नाही, म्हणून आधी काय करायचं ते विचारून घ्या. श्वास अडकत असेल किंवा तोंडातून रक्त येत असेल, तर मात्र तडक रुग्णालय गाठा.

बाळ नुकतंच जन्मलं असेल, तर टाचेच्या रक्ताची टीएसएच तपासणी मागून घ्या. ग्रंथी जागेवर नसणं हे जन्मजात थायरॉइड कमतरतेचं मोठं कारण आहे. दोष पक्का झाला तर स्कॅनसाठी औषध लांबवू नका. मेंदूच्या वाढीला पहिले आठवडे मोलाचे असतात.

आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती आला की वाचा. त्यात नुसतं गाठीचं माप असेल आणि थायरॉइडबद्दल एक ओळही नसेल, तर पुन्हा तपासून घ्या, मग तारीख पुढे गेली तरी चालेल.