नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

मागच्या शनिवारी लॅपटॉपने डिस्क भरल्याची कुरकुर केली. बाहेर धो धो पाऊस, फेज ३ मधून शिवाजी चौकापर्यंत जायचीसुद्धा हिंमत नव्हती. म्हटलं चला, आज साफसफाई!

पहिला नंबर लागला फाइल सिंक करणाऱ्या एका प्रोग्रामचा. नाव सांगत नाही, कारण गाढवपणा माझा होता (थोडा त्याचाही, ते पुढे येईलच). दोन दिवाळ्यांपूर्वी तो माझ्या लॅपटॉपवर आणि साताऱ्याला बाबांच्या डेस्कटॉपवर टाकला होता. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. पाच मिनिटांचं काम. त्या फोल्डरमध्ये बाबा आजीच्या ओव्या ठेवायचे. ती म्हणायची, हे माईक धरून थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचे. आजी गेल्या वर्षी गेली.

तर मी काय केलं? आधी फोल्डर डिलीट केलं (बाबांकडे आहेच की!), मग रिसायकल बिन रिकामा केला आणि मग प्रोग्राम अनइन्स्टॉल केला. दुपारी बाबांचा फोन. "अरे, आजीचं फोल्डर रिकामं कसं काय दिसतंय?"

पोटात गोळाच आला. डिलीट हाही एक बदलच, आणि बदल पलीकडे पोचवणं हेच त्या प्रोग्रामचं काम. ते त्याने चोख बजावलं होतं.

मुद्दा हा, की सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप जुनं धरून ठेवतो, सिंक दोन्हीकडे सारखं करतो. चूकही सारखीच करतो. १९९६ साली आलेलं आरसिंक बघा. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, दिसायला रुक्ष. पण मूळ जागेवरून उडालेली फाइल ते दुसरीकडून आपणहून उडवत नाही, त्यासाठी 'डिलीट' हा पर्याय वेगळा लिहून द्यावा लागतो. २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स सगळ्यांसाठी खुलं झालं, 'एकच फोल्डर, सगळीकडे' ही सोय घरोघरी पोचली, आणि तो विचारायचा क्षण हरवला.

आता त्या प्रोग्रामचा दोष. टाकताना त्याने पाच प्रश्न विचारले, काढताना एकही नाही. आणि हे आपल्यासारखेच लोक लिहितात हो! आमच्या डेमोमध्ये इन्स्टॉल नेहमी असतं. अनइन्स्टॉल शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी एकदा चालवून बघतो, झालं. "या फाइल्स दुसऱ्या मशीनवरूनही जातील, चालेल?" एवढं एक वाक्य लिहायला किती वेळ लागतो?

तोवर क्रम लक्षात ठेवा. आधी सिंक थांबवा. मग फाइल्स खरंच डिस्कवर आहेत ना ते बघा. नावापुढे ढगाचं चिन्ह असेल तर फाइल तुमच्याकडे नाहीच, नुसतं नाव आहे. मग वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी. मग फोल्डरची जोडणी तोडा, प्रोग्राम काढा, आणि डिलीट सगळ्यात शेवटी.

ताईने मागे एकदा ते फोल्डर पेन ड्राइव्हवर नेलं होतं, म्हणून बहुतेक ओव्या परत मिळाल्या. त्यानंतरच्या तीन नाही मिळाल्या. बाबा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "तू तर कॉम्प्युटरमधलाच ना रे?"

उद्या साताऱ्याला जातोय. एक्स्टर्नल हार्ड डिस्क बॅगेत टाकलीय.