यात बसायचं कधी?

महाबळेश्वरला मी आजवर निदान वीस वेळा गेलो असेन. म्हणजे वाईवरूनही तितक्याच वेळा गेलो. गाडी थांबवायची, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, चहा घ्यायचा आणि पसरणीचा घाट चढू लागायचे. 'वाई पाहिलीत का?' असे कोणी विचारले, तर मी बेधडक 'हो' म्हणत असे.

गेल्या हिवाळ्यात दोन दिवस खास वाईसाठी काढायचे ठरले. चिरंजीवांनी बेत आखून कागदच हाती दिला. दोन दिवसांत अकरा ठिकाणे, प्रत्येकापुढे वेळ. बँकेत असताना शाखा तपासणीला जायचो, तेव्हाचा कार्यक्रमही याहून सैल असे. सौ.ने चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाली, "अहो, यात बसायचं कधी?"

मुलाचेही चूक नव्हते. रजा मिळते मोजकी, पेट्रोल महाग; जमेल तितके पाहून घ्यावे असे कुणालाही वाटेल. पण हिशेबच मांडायचा, तर पाहिलेल्या ठिकाणाविषयी महिन्याभराने दोन वाक्येही सांगता येत नसतील, तर तो खर्च बुडीत खात्यातच गेला म्हणायचा. शिवाय घाटाला पायऱ्या असतात. सौ.चे गुडघे अजून कुरकुरत का होईना, उतरू देतात. आणखी किती वर्षे देतील, हे कुठल्याच कागदावर लिहिलेले नसते.

आम्ही नऊ ठिकाणे खोडली. उरले दोन मुक्काम : वाईचा घाट आणि मेणवली.

ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, ही त्यातली योजना. वीस वेळा समोरून नमस्कार करणाऱ्या मला ती यंदा दिसली, कारण यंदा मी देवळाच्या मागे गेलो. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, त्याला लागून घाट, आणि घाटावर १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा. चर्चची घंटा शंकराच्या दारी टांगलेली पाहिली की इतिहासाचा एक आख्खा धडा डोळ्यांपुढे उभा राहतो. पण त्यासाठी तिच्याखाली पाच मिनिटे उभे राहावे लागते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार याच गावात का थाटला असेल, तेही संध्याकाळी घाटावर बसल्यावर थोडेसे उमगते. इथे माणसाला विचार करायला उसंत मिळते.

तेव्हा जुन्या, शांत गावी जायचे असेल, तर माझे सांगणे एवढेच : रात्रीचा मुक्काम त्याच गावात करा. तुमचे चार पैसे तिथल्या खानावळीला मिळतील आणि गावाची पहाट तुम्हाला मिळेल. घाटावर लोक धुणी धुतात, पूजा करतात, तेव्हा आवाज बेताचा ठेवा. पावसाळ्यात नदीचा रंग पाहून मगच पायऱ्या उतरा. आणि बेताच्या कागदावर एक संध्याकाळ कोरी सोडा. घरातले वडीलधारे काय म्हणतात, ते ती कोरी जागा ठेवताना जरूर विचारा.

हल्ली कोणी 'वाई पाहिलीत का?' असे विचारले, की मी जरा थांबतो. मग सांगतो, "एक संध्याकाळ पाहिली आहे."