‘घरी न्या’ म्हणजे कुणाच्या गळ्यात?

पाथर्डी-जामखेडकडच्या गावातला कर्करोगाचा पेशंट पुण्या-मुंबईला जातो, जमीन गहाण पडते, आणि एक दिवस डॉक्टर सांगतात, ‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या.’ घरी म्हणजे कुणाकडे? घरातल्या बाईकडे! कूस बदलणं, जखमा धुणं, हागणंमुतणं काढणं, रात्रभर कण्हणं ऐकणं, सगळं तिनंच करायचं. तिची खुरपणीची मजुरी बुडते, मुलीची शाळा सुटते. याला म्हणायचं ‘सेवा’. आणि तीच आजारी पडली तर? तिला माहेरी पोचवतात. तिथं करायला तिची आई असतेच!

करण्यासारखं काही नाही, हेच मुळात खोटं आहे. रोग बरा होत नसला तरी वेदना आवरता येते. तोंडानं घ्यायची मॉर्फिनची गोळी काही महाग नाही. अफू तर आपल्याच देशात पिकते. पण 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यानं परवान्यांचं असं जंजाळ उभं केलं की डॉक्टरांनी ती ठेवणंच सोडलं. 2014 साली कायदा सुधारला, मान्यताप्राप्त दवाखान्याला एकाच परवान्यावर ती ठेवता येऊ लागली. केरळात तर 1993 सालीच कोझिकोडला या कामाची सुरुवात झाली, 2008 साली राज्याचं धोरण आलं, पंचायतीच्या पैशातून नर्स घरोघर जाऊ लागली.

आपल्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. 1970 पासून डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी जामखेडला गावोगावच्या बायांना, त्यांत कितीतरी दलित आणि निरक्षर, आरोग्याचं काम शिकवलं. आणि त्यांनी ते करून दाखवलं.

पण इथंच सावध राहायला हवं. सरकार लगेच म्हणेल, मग ‘आशा’ आहेतच की! 2005 पासून आशाला ‘स्वयंसेविका’ म्हणून कामागणिक मोबदल्यावर राबवलं जातंय. सुनेच्या पाठीवरचं ओझं उचलून आशाच्या पाठीवर, तेही फुकटात, ठेवायचं असेल तर ते आपल्याला मान्य नाही. पगार द्या, शिकवा, सोबत नर्स द्या. आणि घरातल्या पुरुषांनाही पेशंटला अंघोळ घालायला शिकवा, त्यांना हात आहेत.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन आधी एवढं विचारूया: मॉर्फिन ठेवायची परवानगी घेतली आहे का? ती लिहून देणारा डॉक्टर कोण, आणि कुठल्या वारी भेटतो? उत्तर लेखीच मागायचं.