'मूळ स्थिती' म्हणजे कोणाची?

भ्रमणध्वनी विकण्यापूर्वी, दुरुस्तीला देण्यापूर्वी किंवा घरातल्या धाकट्याच्या हाती सोपवण्यापूर्वी तो सुरक्षितपणे 'मूळ स्थितीत' आणावा, असा सल्ला हल्ली सर्वत्र मिळतो. फॅक्टरी रीसेट या शब्दप्रयोगाचे हे मराठी रूप आता रुळलेही आहे. सल्ला योग्यच आहे. आमचा आक्षेप त्यातल्या दोन विशेषणांना आहे.

मूळ स्थिती कोणाची? कारखान्यातून निघालेला रिकामा फोन ही कारखान्याची मूळ स्थिती झाली. ज्या मुलीने तीन वर्षे तो वापरला, त्यात माणसांचे आवाज साठवले, तिच्या लेखी तो फोन तसा कधीच नव्हता. एखाद्या वहीची मूळ स्थिती म्हणजे कोरे कागद, असे आपण म्हणत नाही. लिहिलेली वही फाडली तर 'पूर्ववत केली' असेही म्हणत नाही. आणि 'सुरक्षित'? या शब्दाचा प्रचलित अर्थ एवढाच, की तुमचा विदा परक्याच्या हाती लागू नये. तो तुमच्या हाती उरावा, ही दुसरी सुरक्षितता त्या शब्दात कोणी धरलेलीच नाही.

साहित्यचर्चेच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे म्हणणे असे की हा विषय साहित्याचाच आहे, आणि तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर सोपवून आपण सारे मराठीचे शिक्षक मोकळे झालो आहोत. 'आपण' म्हणताना आम्ही स्वतःला वगळत नाही. कसे ते सांगतो.

चाळीसगावची एक विद्यार्थिनी एम. ए.च्या लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आपल्या आजीची अहिराणी गाणी जमवीत होती. श्रावणातली कानबाईची गाणी, आखाजीला झोक्यावर म्हणायची गौराईची गाणी, जात्यावरच्या ओव्या. फोनमधल्या ध्वनिमुद्रकावर तिने एकूण ४१ गाणी मुद्रित केली होती. त्यांतली ११ कागदावर उतरवून तिने परिशिष्टात जोडली. उरलेली 'पुढे लिप्यंतर करण्याचे योजिले आहे' या आमच्या पंथातल्या सनातन वाक्यावर सोडली. आम्ही परिशिष्ट चाळले, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले (अहिराणीचे शुद्धलेखन! वाचकांनी क्षमा करावी) आणि गुण दिले. एकही ध्वनिफीत ऐकवण्यास सांगितले नाही. ते सुचलेच नाही.

काही महिन्यांनी फोन तापू लागला, अडकू लागला. स्टेशनजवळच्या दुकानात तिने तो दिला. दुकानदाराने रीतसर विचारले, "बॅकअप लिधं ना ताई?" ती हो म्हणाली, आणि खोटे बोलली नाही, तिच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये बॅकअप चालू असल्याची खूण होती. अर्ध्या तासात फोन कोरा झाला. संध्याकाळी तिने आपले खाते पुन्हा जोडले तेव्हा छायाचित्रे परत आली, संपर्क आले, जुने लघुसंदेश आले, घरच्या वायफायचा पासवर्डसुद्धा आला. ४१ गाणी आली नाहीत.

दुकानदाराचा यात काडीचाही दोष नाही, हे आधी नोंदवू. स्वयंचलित बॅकअप म्हणजे सगळ्याची प्रत, हा समज आपला. अँड्रॉइड फोनचा नेहमीचा बॅकअप संपर्क, संदेश, कॉलची यादी, काही ॲपचा विदा आणि फोनची मांडणी सांभाळतो. सोय चालू केली असेल तर छायाचित्रे आणि चित्रफितीही. ध्वनिमुद्रकाने फोनच्या पोटात ठेवलेल्या ध्वनिफिती सहसा या जाळ्यात येत नाहीत. त्या हाताने उचलून दुसरीकडे ठेवाव्या लागतात. काय जपण्याजोगे आहे याचा निर्णय कोणीतरी आधीच करून ठेवला आहे, आणि त्या निर्णयात आजीचा आवाज बसत नाही. आपल्या भाषेत बोलायचे तर हे संपादन आहे, आणि ते आपल्या अपरोक्ष झाले आहे.

आता एक तांत्रिक बाब, जिच्याकडे साहित्याच्या माणसांनी विशेष लक्ष द्यावे. जुने फोन मूळ स्थितीत आणले तरी त्यांतला विदा पुरता जात नसे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २१ वापरलेले जुने अँड्रॉइड फोन तपासले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार, रीसेट केल्यावरही त्यांतून आधीच्या मालकाचा मजकूर काढता येत होता. विकणाऱ्यासाठी ही धोक्याची गोष्ट होती. साधारण त्याच सुमारास नव्या फोनांतली साठवण कूटबद्ध होऊ लागली. आता रीसेट करताना मुख्यतः कूटाची किल्ली नष्ट होते. अक्षरे क्षणभर तिथेच पडून असली तरी ती कोणालाच वाचता येत नाहीत. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत होत्या. पण किल्ली पंथीयांकडे टिकली म्हणून विसाव्या शतकात त्या बाहेरच्या अभ्यासकांना खुल्या झाल्या. इथे किल्लीच जाळली जाते. फोन जितका सुरक्षित झाला तितकी हानी अंतिम झाली. विसरभोळ्या माणसाला जुन्या यंत्रात जी सवलत होती ती संपली आहे, आणि आपल्या सवयी मात्र जुन्या यंत्राच्याच आहेत.

चाळीसगावाहून धुळ्याला रेल्वेचा फाटा जातो. त्या धुळ्यात १९२६च्या अखेरच्या दिवशी वि. का. राजवाडे वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. राजवाडे काय करीत होते? वाड्यांच्या माळ्यांवर, बळदांत, वाळवीच्या तोंडी पडलेली दप्तरे शोधीत गावोगाव हिंडत होते. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला तेव्हा कितीतरी घराण्यांचे कागद रद्दीत गेलेले होते. त्या घराण्यांना आज आपण वर्गात हसतो. पूर्वजांचे कागद किराण्याच्या पुड्या बांधायला देणारी माणसे म्हणून. वर्ग सुटल्यावर आपण जुना फोन देऊन नव्यावर सवलत घेतो. फरक आहे तो इतकाच, की रद्दीच्या दुकानातून एखादे दप्तर राजवाड्यांना परत मिळण्याची शक्यता होती.

आणि बहिणाबाई. १९५१च्या डिसेंबरात त्या गेल्या, १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ती वेळोवेळी टिपून ठेवली होती, अत्र्यांनी ती वाचली आणि छापली जावीत असा आग्रह धरला. हा सारा इतिहास आमचे विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात. टिपली गेली नाहीत ती गाणी गेली, हेही लिहितात. त्यावर 'केवढी ही हानी!' असे उद्गारवाचक चिन्हासह लिहितात. उत्तर महाराष्ट्रातल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे. ज्या मुलुखात विद्यापीठाचे नावच एका निरक्षर बाईच्या टिपून घेतलेल्या गाण्यांमुळे पडले, त्या मुलुखातल्या मराठीच्या शिक्षकाला विद्यार्थिनीच्या फोनमध्ये काय आहे हे विचारावेसे वाटू नये? आम्हाला वाटले नव्हते. सोपानदेवांकडे निदान कागद होता आणि त्यांना त्या कागदाचे मोल ठाऊक होते. आमच्या विद्यार्थिनीकडे आवाजच होता, जो सोपानदेवांकडे नव्हता. आणि त्याचे मोल तिला आम्ही शिकवले नाही.

यावर एक जाणते उत्तर नेहमी येते. मौखिक परंपरा वाहती असते, तिला गोठवू नये. गाणे पुन्हा गायले जाईल, बदलेल, ते विसरले जाणे हाही परंपरेचाच भाग. हे उत्तर चर्चासत्रात शोभून दिसते. पण ते खरे ठरायला गाणाऱ्याच्या मागे दुसरा गाणारा असावा लागतो. जाती कधीच थांबली, पीठ गिरणीतून येते. कानबाईचे रोट आजही होतात, पण रात्रभर गाणाऱ्या बायांच्या जागी पुष्कळ ठिकाणी ध्वनिवर्धक आला आहे. परंपरा वाहत असती तर आम्हीही निश्चिंत असतो. आणि ज्यांना लिहिलेला शब्द पुरेसा वाटतो त्यांनी हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांनी उभारलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आठवावा. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी लिहून घेतल्या, आणि त्यासोबत ध्वनिमुद्रणेही केली गेली. ती होती म्हणूनच पुढे त्या बायांचा आवाज लोकांपर्यंत पोहोचू शकला. नुसत्या ओळींवरून चाल कळत नाही, दम कुठे घेतला ते कळत नाही, शेजारणीने कुठे सूर धरला ते कळत नाही.

तरीही फोन कोरा करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. सगळे साठवून ठेवणारा माणूस संग्राहक नसतो, तो कोठार असतो. शिवाय फोनमध्ये आपल्याखेरीज इतरांचेही पुष्कळ असते. आजीने नातीसमोर म्हटलेल्या गाण्यांत सासरच्या कोणाकोणाची उणीदुणी असतात. ती नव्या मालकाने ऐकू नयेत हा आजीचा हक्कच आहे. म्हणून फोन हातावेगळा करताना तो पूर्ण कोरा करावा, याबद्दल आम्हालाही शंका नाही. फक्त त्याआधी निवड व्हावी, आणि ती करणाऱ्याला निवड म्हणजे काय हे ठाऊक असावे. हे काम पाठचिकित्सेच्या तासिकेत शिकवण्याजोगे आहे. शिकवायचे झाल्यास आम्ही काय सांगू, ते थोडक्यात मांडतो.

फोन अडकतो म्हणून लगेच कोरा करू नये. बहुधा साठवण भरलेली असते, जागा मोकळी केली तरी काम भागते. रीसेट हा शेवटचा उपाय. करायचाच झाला तर ध्वनिफिती तारेने संगणकावर उतरवाव्यात, शिवाय एक प्रत पेन ड्राइव्हवर. प्रत घेतली म्हणजे झाले असे नाही, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून अखेरपर्यंत ऐकावी. मूळ पोथी नष्ट करण्यापूर्वी प्रत ताडून पाहू नये असे कोणता संपादक म्हणेल? फितीला यंत्राने दिलेले आकडी नाव पुसून गाणारीचे नाव, गाव, तारीख आणि गाण्याचा प्रसंग द्यावा. नाहीतर दहा वर्षांनी ती निनावी पोथी होईल. दोन प्रती एकाच घरात ठेवू नयेत. ३१ ऑगस्ट २०२१ला तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, तेव्हा तळमजल्यावर काय काय गेले हे गावाला सांगायला नको.

व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. त्यात चित्रफिती हव्या असतील तर ती खूण स्वतंत्रपणे करावी लागते, आणि बॅकअप कूटबद्ध केला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकांची किल्ली जवळ असल्याशिवाय तो उघडत नाही. मेमरी कार्ड आणि सिम काढून घ्यावे. रीसेटने कार्ड बहुधा पुसले जात नाही, म्हणजे ते तसेच दुसऱ्याच्या हाती जाते. मात्र कार्ड फोनच्या अंतर्गत साठवणीत जोडून टाकले असेल तर रीसेटनंतर तेही वाचता येत नाही, म्हणून त्यावरचे आधीच उतरवावे. बँकेच्या आणि दुहेरी पडताळणीच्या ॲपची व्यवस्था नव्या फोनवर आधी लावावी. फोन दुसऱ्याला द्यायचा असेल तर आपले गूगल खाते त्यातून काढावे, आयफोन असेल तर ॲपल खात्यातून बाहेर पडावे. नाहीतर कुलूप आपले आणि घर दुसऱ्याचे, अशी अवस्था होते. फोन स्वतःकडेच ठेवायचा असेल तर खात्याचा पासवर्ड पाठ आहे ना, हे पाहावे. एवढे झाल्यावर, विजेला जोडलेल्या फोनवर, सेटिंग्जमधून रीसेट करावा.

हे सारे एका दुपारचे काम आहे. प्रकल्पाच्या गुणपत्रिकेत 'ध्वनिफितींच्या दोन प्रती जमा केल्या' असा एक रकाना वाढवणे हे त्याहूनही लहान काम. आम्ही तो वाढवला आहे. सहकाऱ्यांपैकी एकाने विचारले, एवढ्या फिती ठेवायच्या कुठे? निबंधांच्या बांधीव प्रती ठेवायला आपण कपाटे मागवतो तेव्हा हा प्रश्न कोणी विचारल्याचे आठवत नाही.

ती विद्यार्थिनी गेल्या श्रावणात पुन्हा आजीकडे बसली. या वेळी आम्हीही गेलो होतो. आजींनी तासाभरात नऊ गाणी म्हटली. आवाज बसला होता, मध्ये कुकरची शिटी झाली, ती फितीत आहे. दोन ठिकाणी त्या अडल्या आणि सून पुढची ओळ सांगेपर्यंत गप्प राहिल्या. मग मुलीने गौराईच्या एका गाण्याची आठवण दिली, जे पहिल्या संग्रहात होते आणि अकरांत नव्हते. आजी तिच्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "ते तं तुले दिधं व्हतं ना!"